उत्क्रांती समजून घेताना आणि समजावताना या चुका टाळा

उत्क्रांतीबद्दलची उत्तरं, भाषणं, फलक वाचताना एक गंमत दिसते. तपशील बहुतेकांचे बरोबर असतात. डार्विन माहीत असतो, नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्याबरोबरच मांडणारा वॉलेसही काहींना माहीत असतो, डार्विनच्या पुस्तकाचं 1859 हे साल पाठ असतं. गडबड होते ती वाक्याच्या कर्त्यापाशी. जिराफाने मान लांब केली, जंतूंनी औषधावर मात करायला शिकून घेतलं, माशाने पाण्याबाहेर यायचं ठरवलं. प्रत्येक वाक्यात एक प्राणी काहीतरी करतोय. नैसर्गिक निवडीच्या (ज्या गुणामुळे जास्त पिल्लं उरतात तो गुण पुढच्या पिढ्यांत वाढत जातो, या) गोष्टीत एकटा जीव स्वतःला बदलत नसतो. जी जनुकं घेऊन जन्मला, तीच घेऊन मरतो. बदलतं ते समूहातलं प्रमाण: कोणत्या गुणाचे किती जीव पुढच्या पिढीत आहेत, ते. पुढच्या बऱ्याचशा चुका याच एका घोटाळ्यातून निघतात.

"गरज होती, म्हणून बदल झाला"

ही सगळ्यात चिवट चूक. जिराफाचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिथे लोक सावध असतात. पण विषय अँटिबायोटिक्सचा निघाला की तीच चूक मागच्या दाराने आत येते. "औषध दिलं, मग जंतूंनी त्याविरुद्ध प्रतिकार तयार केला" असं लिहिलं जातं. त्याहून वाईट म्हणजे "शरीराला औषधाची सवय झाली". शरीराचा इथे संबंधच नाही. प्रतिकार जंतूंमध्ये असतो.

औषधामुळे प्रतिकार निर्माण होतो, की तो आधीच काही जंतूंत असतो? हा प्रश्न एकेकाळी शास्त्रज्ञांमध्येही खरोखरच उघडा होता. 1943 मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी जीवाणू आणि त्यांना मारणारे विषाणू घेऊन त्याचं उत्तर आकडेमोडीतून दिलं. 1952 मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी तेच इतक्या सोप्या रीतीने दाखवलं की आजही समजावायला याहून चांगला प्रयोग नाही. एका बशीत जीवाणूंच्या वसाहती वाढवल्या. त्यावर मखमलीचा तुकडा हलकेच दाबला आणि तोच तुकडा स्ट्रेप्टोमायसिन हे औषध असलेल्या बशांवर टेकवला. त्यामुळे पहिल्या बशीतली प्रत्येक वसाहत नव्या बशांत त्याच जागी उतरली. औषधाच्या बशांत बहुतेक सगळे जीवाणू मेले, थोडे वाचले, आणि वाचलेले वेगवेगळ्या बशांत त्याच त्याच ठिकाणी होते. मग लेडरबर्ग पहिल्या बशीकडे परतले. तिथल्या जीवाणूंची औषधाशी कधीच गाठ पडलेली नव्हती. नेमक्या त्या जागेवरचे जीवाणू उचलून वाढवत नेले, तर त्यांच्यात प्रतिकार सापडला. औषध येण्याआधीच तो तिथे होता. औषधाने फक्त बाकीचे मारून त्यांना मैदान मोकळं करून दिलं.

म्हणून वाक्य असं दुरुस्त करा: "थोड्या जीवाणूंत उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकात आपसूक झालेल्या बदलामुळे, प्रतिकार आधीच होता, औषधाने इतर मेले, उरलेल्यांची संख्या वाढली." लांबलचक होतं खरं, पण त्याला इलाज नाही. पुस्तकी गोष्ट इथे संपते, प्रत्यक्षात अजून एक पदर आहे: जीवाणू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना थेटही देऊ शकतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही. प्रतिकार भराभर पसरण्यामागचं हे मोठं कारण आहे. तिथेही निवड आपलं काम तसंच करते.

अर्धी गोष्ट सांगून थांबणं

आपलं स्पष्टीकरण धड आहे का, हे तपासायला तीन प्रश्न पुरतात. समूहात फरक आधीपासून होता का? तो फरक पिल्लांत उतरतो का? आणि त्या फरकामुळे कोणाची पिल्लं जास्त उरली? तिन्हींची उत्तरं तुमच्या मजकुरात सापडली नाहीत, तर काहीतरी निसटलंय.

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञांनी 1973 पासून फिंच पक्ष्यांची मापं घ्यायला सुरुवात केली. पक्षी पकडायचा, पायात कडं घालायचं, चोच मोजायची, सोडून द्यायचा, असं वर्षानुवर्षं. 1977 मध्ये पाऊस जवळपास झालाच नाही. बारीक, मऊ बिया आधी संपल्या. मागे राहिल्या गोखरूच्या जातकुळीतल्या काटेरी, टणक बिया, आणि त्या फोडायला जाड चोच हवी. मध्यम आकाराच्या फिंचपैकी सुमारे 85 टक्के पक्षी त्या दुष्काळात नाहीसे झाले. जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्या समूहापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली.

लक्षात घ्या, दुष्काळात एकाही पक्ष्याची चोच जाड झाली नाही. बारीक चोचीचे गेले म्हणून सरासरी वर सरकली. बहुतेक लेख इथेच पूर्णविराम देतात, आणि ती दुसरी चूक. एवढ्यावर झाली ती फक्त निवड. उत्क्रांती म्हणायला पुढची पिढी बघावी लागते. ग्रँट यांनी ती पाहिली: वाचलेल्यांची पिल्लंही आधीच्या पिढीपेक्षा जाड चोचीची निघाली, कारण चोचीचा आकार मोठ्या प्रमाणात वारशाने येतो. समजा जाड चोच केवळ चांगलंचुंगलं खाल्ल्याने येत असती, तर तेवढेच पक्षी मरूनही पुढच्या पिढीत काही फरक पडला नसता.

पुढे 1982–83 च्या एल निनोने बेटावर धो धो पाऊस पाडला, लहान बियांचं पीक आलं, आणि त्यानंतरच्या काळात लहान चोचींची सरशी झाली. हा दुसरा भाग बरेचदा वगळला जातो. तो वगळला की वाचणाऱ्याला वाटतं, चोच जाड होणं ही प्रगती होती.

वारशाचा हा दुवा खुद्द डार्विनलाही नीट सापडला नव्हता. त्या काळी समज असा होता की आईवडिलांचे गुण मुलांत एकमेकांत मिसळून जातात. तसं असतं तर कुठलाही नवा गुण काही पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा झाला असता. फ्लीमिंग जेनकिन नावाच्या अभियंत्याने 1867 मध्ये हा आक्षेप घेतला आणि तो बोचरा होता. त्याचं उत्तर मेंडेलच्या 1866 च्या निबंधात होतं: वारशाचे घटक मिसळत नाहीत, सुटे राहतात आणि दडून बसलेला गुणही पुढे पुन्हा डोकं वर काढतो. पण त्या निबंधाचं महत्त्व जगाच्या लक्षात आलं 1900 मध्ये, डार्विन जाऊन 18 वर्षं झाल्यावर.

आता हे तीन प्रश्न पतंग या किड्याबद्दलच्या एका नेहमीच्या वाक्यावर चालवून बघा: "कारखान्यांच्या धुरामुळे इंग्लंडमधले पतंग काळे पडले." काजळी बसून पतंग काळा झाला, तर तो रंग पिल्लांत उतरणार नाही. दुसऱ्याच प्रश्नाला वाक्य पडलं. खरी हकीकत अशी की पेपर्ड मॉथ नावाच्या या पतंगात काळा रंग एका उत्परिवर्तनामुळे येतो. मँचेस्टरमध्ये पहिला काळा पतंग 1848 मध्ये नोंदला गेला आणि 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. काजळीने काळवंडलेल्या खोडांवर फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसत होते. हवा स्वच्छ झाल्यावर काळ्यांचं प्रमाण पुन्हा घसरलं.

"बळी तो कान पिळी"

नैसर्गिक निवड म्हणजे ताकदवानांचं राज्य, ही समजूत. 'सर्वात लायक तो टिकतो' हे शब्द मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचे, 1864 मधले. डार्विनने ते पुढे उचलले आणि तेव्हापासून गोंधळ चालू आहे. लायकी मोजली जाते ती मागे राहिलेल्या, पुढे स्वतः वाढवणाऱ्या संततीत. ताकद, वेग, आयुष्य यांना तिथवर पोचण्यात मदत झाली तरच किंमत.

आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या गोरोंगोसा अभयारण्यातल्या हत्तीणी पाहा (तिकडे हत्तीणींनाही सुळे असतात). एरवी सुळे किती उपयोगाचे: जमीन उकरायला, साली सोलायला. पण 1977 ते 1992 च्या यादवी युद्धात हस्तिदंतासाठी इतकी कत्तल झाली की तिथले जवळपास 90 टक्के हत्ती मारले गेले. बिनसुळ्यांच्या हत्तीणींकडे शिकारी वळत नसत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांचं प्रमाण युद्धापूर्वीच्या साडेअठरा टक्क्यांवरून सुमारे 51 टक्क्यांवर गेलं. म्हणजे 'लायक' कोण हे हत्तीकडे बघून सांगता येत नाही. आजूबाजूला काय चाललंय ते विचारावं लागतं. शिवाय हाच जनुकीय बदल नर गर्भाला बहुधा घातक ठरतो, त्यामुळे बिनसुळ्यांचा नर तिथे सापडत नाही. फायदा आणि तोटा एकाच जनुकात.

सिकल सेल या रक्ताच्या आजाराचंही असंच. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदलतं. बदललेल्या दोन प्रती मिळाल्या तर गंभीर आजार. एकच मिळाली तर तीव्र मलेरियापासून बरंच संरक्षण. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिलं ते त्यामुळे. "वाईट जनुक निवडीने काढून का टाकलं नाही?" असा प्रश्न कोणी विचारला तर आधी विचारा, कुठे वाईट आणि कोणाच्या शरीरात.

"सगळा योगायोगच" आणि "सगळं ठरलेलं"

दोन टोकं, दोन्ही चुकीची. उत्परिवर्तनं होताना जीवाच्या गरजेकडे बघत नाहीत, एवढ्याच अर्थाने ती योगायोगाची. प्रत्येक नवजात बाळात आईवडिलांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल असतात. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही, काही त्रास देतात, क्वचित एखादा उपयोगी पडतो. त्यातून कोणते बदल पसरतील हे मात्र योगायोगावर सोडलेलं नसतं, तिथे निवड असते. विंचवाच्या विषासारखं गुंतागुंतीचं काही "आपोआप कसं जुळून येईल?" असं विचारणारे पहिली पायरी पाहतात आणि दुसरी विसरतात.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग वाचावा. फेब्रुवारी 1988 मध्ये त्यांनी एकाच जीवाणूपासून 12 समूह सुरू केले. सगळ्यांना सारखंच खाद्य, सारखीच बाटली. सगळ्यांचा वाढीचा वेग सुधारला. पण ऑक्सिजन असताना बाटलीतलंच सायट्रेट हे रसायन खाण्याची क्षमता फक्त एका समूहात आली, आणि तीही सुमारे 31,500 पिढ्यांनंतर. गोठवून ठेवलेले जुने नमुने पुन्हा वाढवून पाहिले, तेव्हा कळलं की त्या समूहात आधी दुसरेच काही बदल घडून गेले होते, आणि त्यांच्यावाचून ही क्षमता आलीच नसती.

"वापरला नाही, म्हणून अवयव गेला"

मेक्सिकोतल्या गुहांत आंधळे मासे आहेत. त्यांचेच नातलग वरच्या नद्यांत डोळस आहेत. काळोखात डोळे वापरले नाहीत म्हणून गेले, हे स्पष्टीकरण पटकन सुचतं आणि चुकतं. वाइजमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या शेपट्या कापून दाखवलं होतं की पिल्लं शेपटीसकटच जन्मतात. शरीराला जे होतं ते वारशात जात नाही. उजेडात डोळा बिघडवणारं उत्परिवर्तन घेऊन जन्मलेला मासा टिकत नाही. काळोखात तो आरामात जगतो, उलट डोळ्यावर होणारा खर्च वाचतो. अशी बिघडलेली जनुकं मग साचत जातात. याचा सुरेख पुरावा म्हणजे वेगवेगळ्या गुहांतल्या दोन आंधळ्या माशांचा संकर केला, तर काही पिल्लांना दिसतं. प्रत्येक गुहेत वेगळी जनुकं बिघडली होती. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली.

प्रत्येक गुणाला फायदा चिकटवू नका

हा रोग अभ्यासू माणसांना जास्त होतो. नाक असं का, पट्टे तसे का, सगळ्याला निवडीचं कारण हवं. लहान समूहात जनुकं केवळ नशिबानेही टिकतात किंवा संपतात. याला जनुकीय विचलन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात शिकारीमुळे उत्तरेकडचे एलिफंट सील अगदी थोडे उरले होते. आज त्यांची संख्या लाखाच्या वर आहे, पण जनुकीय विविधता फारच तोकडी, कारण सगळे त्या मूठभरांचे वंशज. ते मूठभर काही खास लायक होते असं मानायला आधार नाही.

शिडी

"माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून का आहेत?" चुलत भाऊ असताना तुम्ही कसे आहात, असं कोणी विचारत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो चिंपांझी नव्हता. तेव्हापासून चिंपांझीही तितकीच वर्षं बदलत आला आहे. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतच्या रांगेचं ते चित्र वापरणं बंद करा, फांद्यांचं काढा. यावर याहून जास्त शब्द खर्चण्यात अर्थ नाही.

नवी प्रजाती कोणत्या दिवशी जन्मली?

असा दिवस शोधू नका. कोणत्याही आईने दुसऱ्या प्रजातीचं पिल्लू जन्माला घातलेलं नाही. (वनस्पतींत अपवाद आहेत: गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले तर एका पिढीतही नवी प्रजाती उभी राहू शकते.) एरवी एक समूह दोन ठिकाणी विभागतो, आपसातला संकर कमी होतो, फरक साचत जातात, आणि कधीतरी एकत्र आले तरी जमत नाही. मधल्या अवस्थेत जे आहेत त्यांना एक प्रजाती म्हणावं की दोन, यावर तज्ज्ञही भांडतात. ते भांडण म्हणजे सिद्धांतातली फट नव्हे; असं संथ चालणारं काम मध्येच थांबवून पाहिलं तर तसंच दिसणार.

उत्तर अमेरिकेतली एक फळमाशी आत्ता याच अवस्थेत आहे. तिची अळी मुळात हॉथॉर्न नावाच्या झाडाच्या फळांत वाढायची. वसाहतवाल्यांनी सफरचंद आणलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काही माश्या त्यावर अंडी घालू लागल्या. या माश्या फळावरच जोडीदार शोधतात, आणि सफरचंद हॉथॉर्नच्या आधी पिकतं. त्यामुळे सफरचंदवाल्या माश्या आधी बाहेर पडतात आणि बहुतेक आपसातच जुळतात. दोन्ही गटांत जनुकीय फरक मोजता येतात, तरी थोडा संकर अजून चालू आहे.