ग्रहाआधी तारा ओळखा: खुज्या ताऱ्यांभोवती पृथ्वी शोधताना

आमच्या गटात नवा विद्यार्थी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: राहण्याजोगा ग्रह ओळखायचा कसा? मी म्हणते, आधी तारा ओळख.

आम्ही शोधतो ते सूर्याहून खूप लहान, फिक्या, लालसर ताऱ्यांभोवती; त्यांच्या मागे लागण्याचं कारण साधं आहे. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर प्रकाश जेमतेम ०.००८ टक्के घटतो. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२ टक्के; त्याच्यासमोर पृथ्वीएवढा ग्रह आला की घट अर्ध्या टक्क्याच्याही वर जाते. म्हणून तर त्याचे पहिले ग्रह २०१६ मध्ये ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला सापडले. शिवाय तिथल्या 'ई' ग्रहाचं वर्ष ६.१ दिवसांचं, त्यामुळे एक अधिक्रमण (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) हुकलं तरी आठवड्याच्या आत पुढचं होतं.

पण याच लालसरपणाने मला फसवलंय. अशाच एका ताऱ्याच्या प्रकाशाच्या, एका रात्रीच्या आलेखात मला अर्ध्या टक्क्याची सुरेख खळगी दिसली, तासाभराची. हात थरथरत होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "तुलनेचे तारे कोणत्या रंगाचे घेतलेस?" म्हणजे ज्यांच्याशी ताडून आपण ताऱ्याची चमक मोजतो, ते शेजारचे तारे. ते सगळे निळसर होते. माझा लालसर तारा मुख्यतः अवरक्तात (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) चमकतो आणि हवेतली वाफ नेमका तिथलाच प्रकाश गिळते. वाफ वाढली की तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त मंद दिसतो. त्या रात्रीची बाष्पाची नोंद आलेखाखाली लावली. त्याच तासात बाष्प चढलं होतं. दुरुस्ती केली आणि ग्रह गेला. त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण तेव्हापासून बाष्पाचा आलेख पाहिल्याशिवाय मी कुठल्याही खळगीला हात लावत नाही.

सुरुवात करायला दुर्बीण लागत नाही. पायथन ही संगणकभाषा थोडी येत असेल तर लाइटकर्व्ह हे पॅकेज घ्या आणि केपलर दुर्बिणीने २०१६-१७ मध्ये टिपलेली ट्रॅपिस्ट-१ची निरीक्षणं उतरवा. ती सर्वांना खुली आहेत, आणि अवकाशातली असल्याने वाफेचा प्रश्नच नाही. ताऱ्यावरच्या डागांमुळे प्रकाश साधारण ३.३ दिवसांच्या लयीत हेलकावतो. मधूनच फ्लेअरचे, म्हणजे ताऱ्यावरच्या अचानक स्फोटांचे, उभे काटे दिसतील. ते घाईने पुसू नका, आधी मोजा: अशा स्फोटांसमोर या ग्रहांवर वातावरण टिकतं का, हा प्रश्न तिथेच सुरू होतो. मग सातवा, 'एच' ग्रह शोधा. त्याच्या खळग्या उथळ आहेत आणि १८.८ दिवसांनी येतात. मला दोन आठवडे लागले होते.