सहा सर्टिफिकेटं आणि माझे पाच महिने

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसवर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहून देतो, एवढं तुम्हाला ठाऊक असणार. मलाही होतं. तरी फसलो.

रात्री तीनला धडधड, घाम, आता संपलं असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल. ‘त्या डॉक्टरांकडे गेलास की गोळ्या जन्माच्या चिकटतात,’ म्हणत मावसभावाने ओळखीच्या थेरपिस्टकडे धाडलं. (ओळखीवर आपण फ्रिजसुद्धा घेऊ नये.) भिंतीवर सहा सर्टिफिकेटं. त्यातलं एक दोन दिवसांच्या कार्यशाळेचं होतं, हे पाचव्या महिन्यात बूट घालताना दिसलं.

मेख इथेच आहे, म्हणून दोनदा सांगतो. ‘थेरपिस्ट’, ‘समुपदेशक’ ही पाटी आपल्याकडे जवळजवळ कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं, म्हणजे गोळ्या न देता मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्याचं, तसं नाही. त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बहुतेकांचं एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल झालेलं असतं आणि प्रत्येकाला सीआरआर हा नोंदणी क्रमांक असतो. तो फोनवरच विचारा, आरसीआयच्या साइटवर ताडून बघा. विचारल्यावर समोरचा चिडला, तर अपॉइंटमेंट घेऊच नका. नावामागचं ‘डॉ.’ही तपासा, ते पीएचडीचं असू शकतं.

समुपदेशक वाईट असं मुळीच नाही. परीक्षा, घटस्फोट, घरातला मृत्यू यांत चांगला समुपदेशक फार मोठा आधार देतो, आणि ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ हेही वेळेत सांगतो. माझा मात्र पाच महिने माझं आणि बाबांचं नातं उकरत बसला. शेवटी सायकिअॅट्रिस्टकडे गेलो. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड वाढलेलं निघालं! बाबा निर्दोष सुटले.

घाबरू नका, इतका वेळ सगळ्यांचा जात नाही. कुठे जायचं तेच कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

थायरॉइड आटोक्यात आलं, पण अंथरुणाची भीती गेली नाही. त्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी केली, या खेपेला क्रमांक विचारून. पहिल्या दिवशी मी ऑफिसच्या इंग्रजीत ‘अँग्झायटी’ वगैरे सांगत होतो. सायकॉलॉजिस्ट बाईंनी थांबवलं, ‘घरी आईला कसं सांगाल?’ म्हटलं, पोटात गोळा येतो. ‘कुठे? हात ठेवून दाखवा.’