‘ठाणे’चे दोन तुकडे आणि माझी पहिली दुरुस्ती

मी ऐरोलीच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे तेव्हाची गोष्ट. ठाण्यातल्या पत्त्यांच्या एका यादीतून मराठी शब्द वेगळे काढायचे होते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सूत्रात, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू लिहिलं की शब्दातली अक्षरं मिळतात, एवढं मला माहीत होतं. इंग्रजी पत्ते सुरळीत निघाले. मराठीत मात्र ‘कोपरी’चे ‘क’ आणि ‘पर’ झाले, ‘वर्तकनगर’चे ‘वर’ आणि ‘तकनगर’. ‘नौपाडा’ तर ‘न’, ‘प’, ‘ड’ असा सुटा सुटा पडला. ‘ठाणे’मधून हाती लागले फक्त ‘ठ’ आणि ‘ण’. धड राहिला तो ‘उथळसर’, कारण त्यात ना काना, ना मात्रा, ना जोडाक्षर.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोणीही वाचून सुधारणा सुचवू शकेल अशा सॉफ्टवेअरवर, काम कसं सुरू करायचं, असं मला कॉलेजची मुलं विचारतात तेव्हा मी ही यादी सांगते. काम शोधत फिरू नका. रोजच्या कामात जे खुपतं त्याच्यामागे लागा, मग ते कितीही बारीक असो.

हे का झालं ते समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ‘ठाणे’ आपल्याला दोन अक्षरी वाटतं, पण पायथनला लांबी विचारली तर उत्तर येतं चार: ठ, काना, ण, मात्रा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या संगणकासाठीच्या सामायिक यादीत, प्रत्येक खुणेचा वर्ग ठरलेला आहे. ‘ठ’ अक्षरांच्या वर्गात, पण काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण हे सगळे जोडचिन्हांच्या वर्गात. बॅकस्लॅश डब्ल्यू अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच धरतं. म्हणजे आपल्या लिपीतला जवळजवळ प्रत्येक शब्द तिथे तुटणार. गंमत म्हणजे ‘ठाणे’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून पायथन ३ खुशाल चालवून घेतं, कारण नावांसाठीचा नियम वेगळा आहे आणि त्यात ही चिन्हं बसतात.

मला वाटलं, केवढा मोठा बग सापडला! तक्रार लिहायलाही घेतली. आमच्या टीममधल्या दादाने एवढंच विचारलं, “आधी शोधलंस का गं?” शोधलं. हीच तक्रार २०११ साली नोंदवलेली निघाली.

त्या रात्री मी हिरमुसले होते, पण दुसऱ्या दिवशी ठाण्याची लोकल पकडून बसायला जागा मिळाल्यावर त्या तक्रारीखालची सगळी चर्चा पहिल्यापासून वाचली. नवशिक्यांना माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे: जुनी चर्चा अख्खी वाचा. एवढ्या वर्षांत कोणी दुरुस्त केलं नाही म्हणजे कोणाला पर्वा नाही, असं मी धरून चालले होते. वाचल्यावर कळलं की जगभरातले असंख्य प्रोग्रॅम आजच्या वागणुकीवर उभे आहेत. ती बदलली तर कुठे काय बिघडेल ते पटकन लक्षातही येणार नाही. दुरुस्ती लिहिणं हा त्यातला लहान भाग आहे. ज्यांचं मोडणार त्यांचं काय, हा मोठा.

आणि तरीही त्या प्रश्नाच्या कडेला करण्यासारखं काम होतं. पायथनच्या माहितीपानावर पूर्वी लिहिलेलं असायचं की बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये कुठल्याही भाषेतल्या शब्दांत येणारी बहुतेक चिन्हं बसतात. मराठी माणसाची याच वाक्याने फसगत होते. नंतर कोणीतरी ते बदललं. आता तिथे स्पष्ट म्हटलंय की युनिकोडमधली अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर. कोडची एकही ओळ न बदलता एक खोटी आशा दूर झाली. हे काम माझं नाही, पण त्या बदलाने मला वाट दाखवली. माझी यादी मी पायथनला जोडता येणाऱ्या ‘रीजेक्स’ नावाच्या वेगळ्या मॉड्यूलने सोडवली. त्यात ‘ठाणे’ अखंड राहतं.

मग मी माहितीपानांवरची उदाहरणं स्वतः चालवून बघायला लागले. रोज एक पान, जेवणाच्या सुट्टीत. तिसऱ्या आठवड्यात एका उदाहरणाखाली छापलेलं उत्तर आजच्या आवृत्तीत येत नाही, असं दिसलं. दोन ओळींची दुरुस्ती. ती पाठवायच्या आधी मी पायथन त्याच्या मूळ कोडपासून स्वतः बांधून घेतलं. माहितीपानासाठी त्याची गरज नसते, पण मला ते एकदा करायचंच होतं. रिपॉझिटरीची, म्हणजे सगळा कोड ठेवलेल्या साठ्याची, प्रत घ्यायची, कॉन्फिगर करताना डीबगचा (चुका शोधायला मदत करणारा) पर्याय लावायचा, मग मेक ही बांधणीची आज्ञा. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहिला. शेवटी मी स्वतः बांधलेला पायथन उघडला आणि त्यात पहिला शब्द टाइप केला ‘ठाणे’. आईला हाक मारून दाखवलं.

पाठवताना ज्या गोष्टी मला अडल्या त्या सांगते. योगदान कराराची (आपला बदल वापरायची परवानगी देणाऱ्या कराराची) सही पहिल्यांदा करावी लागते, त्याची आठवण बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, करून देतो. कोड बदलला तर सोबत काय बदललं ते सांगणारी बातमीची छोटी नोंद लागते, नुसत्या माहितीपानाच्या दुरुस्तीला सहसा नाही. आणि कोणी बदल सुचवला की जुनी कमिट (नोंदवलेला बदल) पुसून फोर्स पुश, म्हणजे जुन्याच्या जागी नवं जबरदस्तीने चढवणं, करू नका. नवी कमिट वर चढवा. तपासणाऱ्याला आधीच्या वेळेपासून काय बदललं ते दिसतं आणि स्वीकारताना सगळ्या कमिट एकत्र केल्याच जातात. मी नीटनेटकेपणाच्या नादात नेमकं उलट केलं होतं आणि तपासणाऱ्याला सगळं पुन्हा वाचावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या माणसाचा तो वेळ बहुधा घरचा होता.

उत्तर यायला महिना लागला. त्या महिन्यात मी दुसऱ्यांच्या तक्रारी घेऊन बसले. कोणीतरी लिहिलेलं असतं की अमुक केलं की प्रोग्रॅम कोसळतो, पण नेमकं कसं ते नसतं. आपण ते आपल्या मशीनवर घडवून बघायचं, पन्नास ओळींचं उदाहरण पाच ओळींवर आणायचं आणि कुठल्या आवृत्तीत घडतं, कुठल्यात नाही ते लिहायचं. टेस्टिंगमध्ये मी पगारासाठी हेच करत होते! या कामाला परवानगी लागत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो. कोडची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

टी-शर्टसाठी मात्र येऊ नका. ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला ठरावीक बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, २०२० साली निरर्थक बदलांचा एवढा पूर आला की ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनाच धरायचं, असा नियम आयोजकांना उपक्रम सुरू असतानाच करावा लागला.

माझ्या दोन ओळी स्वीकारल्या गेल्या तेव्हा गाडी रबाळ्याला थांबली होती. मोबाइलवर जांभळी खूण दिसली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय गं, चांगली बातमी?” मी म्हटलं, “हो, एक चूक दुरुस्त झाली.” त्यांनी पिशवीतून चिक्की काढून हातावर ठेवली.