म्हैसूर पॅलेस नीट बघायचा असेल तर असा बेत करा

म्हैसूर पॅलेस बघायला जाणारे बरेच जण बंगलोरवरून सकाळी गाडी काढतात, दीडशे किलोमीटर येतात, तासाभरात आतून एक चक्कर मारतात आणि उरलेल्या दिवसात चामुंडी हिल, झू, वृंदावन गार्डन असं सगळं कोंबतात. प्लीज असं करू नका, कारण या पॅलेसमध्ये बघण्यासारखं जे खरं आहे ते चालता चालता दिसतच नाही, त्याच्यासाठी थांबावं लागतं, वर बघावं लागतं, खाली बघावं लागतं.

माझ्या मते सगळ्यात चांगला बेत म्हणजे रविवारी दुपारपर्यंत म्हैसूरला पोचायचं, संध्याकाळी फक्त लायटिंग बघायचं आणि आतून पॅलेस सोमवारी सकाळी बघायचा. लायटिंग रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी असतं, संध्याकाळी सातच्या सुमारास, पाऊण-एक तास. सुमारे ९७ हजार बल्ब एका क्षणात लागतात, आणि अख्ख्या गर्दीतून जो एक आवाज येतो ना तो ऐकायला तरी जाच. त्याला वेगळं तिकीट नसतं, त्यामुळे साडेसहालाच आत जाऊन समोरच्या मैदानात जागा धरा. अगदी पॅलेसजवळ उभं राहू नका, मागे सरका, म्हणजे मधला १४५ फुटी मनोरा आणि दोन्ही बाजूचे घुमट एका नजरेत मावतात. फोटो पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या आणि मग फोन खिशात टाका.

रविवारी दिवसा आत मात्र इतकी गर्दी असते की तुम्ही चालत नाही, ढकलले जाता. म्हणून सोमवार. पॅलेस दहाला उघडतो आणि साडेपाचला बंद होतो, आठवड्याची सुट्टी नसते. हे लक्षात ठेवायचं कारण म्हणजे बाहेर कुणी रिक्षावाला किंवा असाच कुणी म्हणाला की आज पॅलेस बंद आहे, चला तुम्हाला सिल्कच्या दुकानात नेतो, तर सरळ गेटपर्यंत जाऊन स्वतः बघा. पर्यटकांचं गेट म्हणजे दक्षिणेचं वराह गेट. समोरचं पूर्वेचं मोठं गेट बघून तिकडे जाऊ नका, ते एरवी बंद असतं, उगाच वळसा पडतो. चपला-बूट बाहेर ठेवावे लागतात, म्हणून मोजे घालून जा, उन्हात अंगणातली फरशी चांगलीच तापते आणि घरातल्या वयस्कर माणसांना त्याचा त्रास होतो.

आत जाण्याआधी एवढी एक गोष्ट माहीत असू द्या, सगळं वेगळं दिसायला लागतं. इथे आधी लाकडी राजवाडा होता, तो १८९७ साली राजकन्येच्या लग्नाच्या वेळी आग लागून जळाला. राजा कृष्णराज वाडियार तेव्हा लहान होता, कारभार त्याची आई बघत होती, आणि त्या राणीने हेन्री आयर्विन या इंग्रज आर्किटेक्टला नवीन राजवाड्याचं काम दिलं. १९१२ मध्ये तो पूर्ण झाला, खर्च आला ४१ लाखांच्या वर. आता आत फिरताना दगड, विटा, लोखंड किती वापरलंय ते बघत चला, परत आग लागू नये ही काळजी तिथे जागोजागी दिसते.

रस्ता एकाच दिशेने जातो, मागे फिरता येत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते आधीच ठरवा. सुरुवातीला बाहुल्यांचं दालन लागतं, गोंबे तोट्टी. तिथे लोक भराभर पुढे जातात, पण सोन्याची अंबारी तिथेच आहे, ती चुकवू नका. साधारण साडेसातशे किलोची, लाकडावर सोन्याचा पत्रा. नीट बघितलंत तर तिच्यावर एक लाल आणि एक हिरवा असे दोन दिवे दिसतील, राजा आत बसून त्या दिव्यांनीच माहुताला थांब आणि चल असा इशारा करायचा. आता दसऱ्याला त्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती ठेवून हत्तीवरून मिरवणूक निघते.

मग येतो कल्याण मंडप, लग्नाचा हॉल. इथे किमान वीस मिनिटं काढा असं मी सगळ्यांना सांगते. अष्टकोनी हॉल आहे, वर रंगीत काचेचं छत, त्यात मोर, आणि ते छत पेललेले बारीक निळसर खांब जे बघून वाटतं की नक्षीचं लाकूड आहे पण ते बिडाचे आहेत, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला ओतून घेतलेले. काचेचं डिझाइन मात्र म्हैसूरच्याच कलाकारांचं. वर बघून झालं की खाली बघा, फरशीतही मोरच आहेत. आणि मग भिंतीकडे या, तिथे चारी बाजूंनी दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठी ऑइल पेंटिंग्ज आहेत, एकामागून एक बघत गेलात तर अख्खी मिरवणूक तुमच्या बाजूने जाते, घोडे, बँड, शिपाई, गच्चीवरून बघणारे लोक. बहुतेक लोक मधेच उभे राहून छताचा फोटो काढतात आणि निघतात, ही पेंटिंग्ज बघतच नाहीत, मला फार वाईट वाटतं त्याचं.

वरच्या मजल्यावरचा मोठा दरबार हॉल समोरून उघडा आहे, खाली मैदान दिसतं, म्हणजे दसऱ्याला राजा इथे बसायचा आणि लोक खालून बघायचे. त्याच्या पुढचा अंबा विलास म्हणजे खासगी दरबार. गर्दी असेल तर इथे कडेला उभे राहा आणि माणसं जाऊ द्या, सोनेरी खांबांची ओळ मोकळी दिसायला हवी. चांदीचे दरवाजे आणि हस्तिदंत जडवलेला शिसवी दरवाजा, दोन्ही जवळून बघा, हात लावू नका, इतक्या वर्षांत लाखो हात लागले की काय होतं ते खालच्या खांबांवर दिसतंच. फोटोचे नियम बोर्डावर लिहिलेले असतात ते वाचा, आणि फ्लॅश तर कुठेच नको. गाइड हवा असेल तर पैसे आधी ठरवा, नसेल तर ऑडिओ गाइड घ्या, त्यात आपल्या वेगाने थांबता येतं. बाहेर आलात की आवारातली जुनी मंदिरं आहेत, त्यातलं वराहस्वामींचं गेटजवळच पडतं.

जेवून दुपारी जगनमोहन पॅलेसला जा, चालू आहे का ते आधी विचारून. मुख्य पॅलेसचं बांधकाम चालू होतं तेव्हा राजघराणं तिथेच राहायचं, आता तिथे चित्रांचं म्युझियम आहे. राजा रवि वर्मांची चित्रं आहेतच, पण मराठी माणसाने जायचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघायला. कितीतरी लोक ते रवि वर्मांचंच समजतात, पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, मुलीला समोर उभं करून काढलेलं, आणि वॉटरकलर आहे. बोटांमधून येणारा दिव्याचा उजेड पाण्याच्या रंगात कसा काढला असेल हा विचार करत उभे राहा थोडा वेळ, घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ द्या.

दसऱ्याला जायचा विचार असेल तर गणित पूर्ण बदलतं. लायटिंग रोज असतं, एरवी न दिसणारं सोन्याचं सिंहासन दरबारात मांडतात, पण राजघराण्याच्या पूजा असतात त्या दिवशी पॅलेस काही वेळ किंवा अख्खा दिवस पर्यटकांना बंद असतो, आणि विजयादशमीला तर मिरवणुकीमुळे आसपासचे रस्तेही बंद. म्हणून आतून बघायला नवरात्रातले सुरुवातीचे दिवस धरा, बंद कधी आहे ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात तपासा आणि हॉटेल दोन-तीन महिने आधीच बुक करून टाका.