पसारा काढताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घर आवरायचं म्हटलं की दिवाळी आठवते. तिथंच चूक होते. तोवर पावसाळ्यात कपड्यांना कसर आणि कागदांना बुरशी लागून गेलेली असते. मिरग निघायच्या आत, मे महिन्यातच हे काम उरका.

माळ्यापासून सुरुवात करू नका. पहिल्याच ट्रंकेत लग्नाचा फोटो निघतो आणि दिवस संपतो. आधी स्वयंपाकघरातली एकच फळी घ्या. झाकण हरवलेले डबे, तिसरी खिसणी, मुदत संपलेली औषधं बाहेर काढायला फार विचार लागत नाही. ‘नीट लावायला’ म्हणून नवे प्लॅस्टिकचे डबे आणणं तर साफ चुकीचं; त्यांतही पसाराच भरतो.

मोठी अडचण भीतीची. ‘टाकलं आणि लागलं तर?’ यावर ‘बिनधास्त टाका’ हे उत्तर नव्हे. काय लागेल, किती लागेल आणि नसलं तर कुठून आणाल, हे कागदावर लिहा. गावात लक्ष्मी यात्रा आली की पै-पाहुण्यांच्या पंगती उठतात, म्हणून घरोघरी मोठी पातेली जपलेली असतात. पण यात्रा काही वर्षांनी एकदा येते आणि पातेली भाड्यानं मिळतात. पाहुण्यांसाठी दहा-बारा ताटं ठेवा, पुरेत.

भांडी मोडीला घालताना तांबं आणि पितळ एकत्र तोलू देऊ नका. तांब्याचा भाव जास्त असतो. एका ढिगात घातलं की सगळं पितळेच्या भावानं जातं. जुनी जरीची साडी बोहारणीला देण्याआधी सराफाकडून तिची जर तपासून घ्या. चांदीची निघाली तर स्टीलच्या डब्यावर सौदा फार स्वस्तात जातो.

कागदांच्या बाबतीत मात्र घाई नको. हा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आता कर्नाटकात आहे. त्यामुळे जुने कागद मराठीत, काही मोडी लिपीत, आणि जमिनीचा आताचा उतारा कन्नडमध्ये. वाचता येत नाही म्हणून सगळंच सांभाळलं जातं, किंवा रागाच्या भरात सगळंच रद्दीत जातं. दोन्ही वाईट. कन्नड वाचणाऱ्याला तासभर बसवा आणि प्रत्येक पाकिटावर मराठीत पेन्सिलीनं लिहा: कागद कसला, सर्व्हे नंबर, साल. खरेदीखत, वाटणीपत्र, हातानं लिहिलेले जुने उतारे ठेवायचेच. एकाच वर्षाच्या उताऱ्याच्या दहा झेरॉक्स असतील तर एक ठेवा. चालू उतारा कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर पुन्हा काढता येतो.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक परत सुटत नाही आणि कागद कायमचा बिघडतो. स्टेपलच्या पिना दमट हवेत गंजून भोक पाडतात, रबर विरघळून चिकटतं. सुती दोरा बांधा. ओलसर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. उन्हातही नको, शाई उडते. सावलीत पंख्याखाली वाळवा.

सासूबाईंची ट्रंक त्यांना न विचारता उघडू नका. एकदा असं झालं की घरात पुढे वर्षभर एक चमचाही बाहेर जात नाही.

ठरत नसेल त्या वस्तू एकाच खोक्यात घाला आणि वर सहा महिन्यांनंतरची तारीख टाका. आणि काढलेला ढीग दाराशी ठेवू नका. चौथ्या दिवशी त्यातली निम्मी भांडी परत फळीवर चढतात. मोडवाल्याला आधी बोलवा, मग ढीग काढा.