हार्मोन्सच्या आधी शुक्राणू गोठवायचे आहेत? तयारी अशी करा

आधार कार्ड, पैसे, सोबत एखादी मैत्रीण, हे सांगत बसत नाही. ट्रान्स स्त्री म्हणून हार्मोन्स सुरू करणार असाल, तर आधी क्रम पक्का करा: पहिली गोळी घेण्याच्या अगोदर सीमेन फ्रीझिंग, म्हणजे पुढे मूल हवं झालं तर वापरायला वीर्य गोठवून ठेवणं. इस्ट्रोजेन आणि त्यासोबत टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोनच्या गोळ्या सुरू झाल्या की शुक्राणू तयार होणं मंदावतं, कित्येक जणींचं थांबतं. नंतर गोळ्या सोडल्या तर काहींचं परत येतं, काहींचं येत नाही, आणि तुमचं काय होईल हे कुठलाही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने जातात, म्हणजे गोळ्या सोडून निदान तेवढे महिने टेस्टोस्टेरॉन अंगात परत चढू द्यायचं. ते फार जड जातं. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या आणून आधीच सुरू केल्या असतील, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आता मी स्वतः नमुना ठेवला तेव्हा माझ्याकडून राहिलेली गोष्ट. नाव. नमुना जमा होतो आधारवरच्या जुन्या नावाने. पुढे आपण नाव बदलतो, सिम बदलतो, घर सोडतो. नमुना ठेवण्याची मुदत वाढवायचे, म्हणजे नूतनीकरणाचे, मेसेज जुन्या नंबरवर आणि पत्र गावच्या पत्त्यावर जात राहिलं, आणि नमुना माझाच आहे हे दाखवायला हातात एक कागद नव्हता. म्हणून त्याच दिवशी, काउंटर सोडायच्या आत: पावतीचा फोटो, नमुन्याचा क्रमांक, सही केलेल्या संमतीपत्राची प्रत. फॉर्मवर स्वतःचा असा ईमेल द्या जो कधी बदलणार नाही. नाव पुढे बदलणार आहे हे लेखी देऊन पोच घ्या. राजपत्रात नाव बदललं की त्यात जुनं-नवं दोन्ही छापून येतं. ती प्रत लगेच पाठवा. पुढच्या आठवड्यात नाही, लगेच.

केंद्र 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे का, ते विचारा. नमुना कधीपर्यंत ठेवता येईल तेही विचारा आणि ती तारीखही पावतीवर लिहून घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या रक्ततपासण्या लागतात.

नमुन्याआधी 2 ते 7 दिवस वीर्यपात नको. मागच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर सांगा, संख्या उतरलेली असते. टकिंग (लिंग आणि वृषण मागे दाबून बांधणं) आणि घट्ट चड्डी काही महिने आधी सैल करा, उष्णतेने शुक्राणू मरतात. थुंकी किंवा साधं जेल वापरू नका. जमलं तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्या. संख्या कमी आली म्हणून रडू नका, इक्सीमध्ये, म्हणजे शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडतात त्या पद्धतीत, एका अंड्याला एकच शुक्राणू पुरतो.

ती खोली. दारावर ‘पुरुष’ लिहिलेलं असतं, भिंतीवर नको ती चित्रं, आणि बाहेरून जुन्या नावाने मोठ्याने हाक. आदल्या दिवशी फोन करून सांगा की हाक आडनावाने मारा किंवा टोकन नंबरने. कानाला हेडफोन न्या. घरून नमुना आणायचा तर केंद्राचीच निर्जंतुक डबी घ्या, अंगाशी धरा, स्कूटरच्या डिकीत टाकू नका, आणि तासाच्या आत पोचवा. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, ताराबाई पार्कातून राजारामपुरीत, आणणं जमतं. गारगोटी-गगनबावड्याहून नाही जमत, आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्कामाला या. नमुना देणं अजिबातच शक्य नसेल तर वृषणातून शुक्राणू काढण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे, विचारा.

नॉन-बायनरी (स्वतःला ना पुरुष ना स्त्री मानणारे) असाल आणि तुमच्याकडे अंडाशय असेल, तर प्रकरण वेगळं: साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शनं, योनीमार्गे सोनोग्राफी, मग भूल देऊन अंडी काढणं. सोनोग्राफीबद्दल आधी बोलून घ्या.

वृषण काढायची शस्त्रक्रिया असेल तर त्याआधी सगळं उरकलेलं हवं. पुढे हे वापरायचं कसं, यासाठी वकिलाला भेटा. कायद्यात जोडपं म्हणजे विवाहित जोडपं आणि सरोगसीचे नियम त्याहून कडक. नूतनीकरणाचे पैसे वेळेवर भरा, नंबर बदलला की कळवा. आणि गोळ्या चालू आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, जोडीदाराला दिवस जाऊ शकतात. निरोध वापरा.