कोडमधल्या ४८ ला नाव द्या

रावेरकडच्या शेतकऱ्यांसाठी केळीचे भाव दाखवणारं ॲप करताना कोडमध्ये ४८ हा आकडा जागोजाग आला होता. कुठे ती बटणाची उंची, कुठे घडाच्या फोटोची रुंदी. बटण मोठं करायला सरसकट ४८ बदलले, तर फोटोही फुगले.

१. स्क्रीनच्या कोडमधले सुटे आकडे शोधा. ० आणि १ बहुतेकदा तसेच चालतात.
२. प्रत्येकाला त्याच्या कामावरून नाव द्या: बटणाची_किमान_उंची = ४८, क्विंटलचे_किलो = १००. ‘अठ्ठेचाळीस’ असं नाव नको. उद्या उंची ५६ केली की ते खोटं ठरतं.
३. आकडा वेळेचा असेल तर एकक नावातच घाला: सूचना_मिलिसेकंद = ३०००. नुसते ३००० पाहून सेकंद की मिलिसेकंद, कळत नाही.
४. ही नावं एका फाइलीत ठेवा.

अँड्रॉइड स्पर्शासाठी किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप मोजायचं अँड्रॉइडचं एकक) जागा सुचवतं, तेवढी टीप त्या ओळीशेजारी लिहाच. केळीचा चीक लागलेल्या बोटांनी बटण दाबणाऱ्याला तेवढी जागा लागतेच, ती कुणी सहज कमी करू नये.

एक जपा: दोन आकडे सारखे दिसले म्हणून एकाच नावाखाली घालू नका. बटणाचे ४८ वेगळे, फोटोचे वेगळे.